दालचिनी, दंतधातू आणि जात : फिरंग्यांनी श्रीलंकेच्या धम्माचे काय केले?

शाळेत आपण सगळ्यांनी एक वाक्य पाठ केलेले असते. वास्को द गामाने १४९८ साली भारताकडे येणारा सागरी मार्ग शोधला. हा मार्ग नेमका कोणाला सापडला, हे मात्र कोणी विचारत नाही. कालिकतच्या बंदरात अरब आणि गुजराती व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करत होते. मार्ग हरवलेला नव्हताच, तो फक्त युरोपला ठाऊक नव्हता.

‘शोध’ या एका शब्दाने इतिहासाची बाजू ठरते. शोधणारा नायक होतो आणि ज्यांच्या दारात तो येऊन उभा राहिला ते लोक नकाशावरच्या खुणा होऊन बसतात. अशाच एका दाराची गोष्ट आज समजून घेऊ. ती श्रीलंकेची आहे. आपण बौद्ध म्हणून लंकेकडे आदराने पाहतो. तिपिटक तिथे लिहून ठेवले गेले, थेरवादाची परंपरा तिथे टिकली, एवढे आपल्याला माहीत असते. पण ती परंपरा तीनशे वर्षांत अनेकदा तुटली, पुन्हा पुन्हा सांधावी लागली आणि सांधताना तिच्यात जात शिरली, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

परवानगी आधी, जहाजे नंतर

पोर्तुगीज जहाजांवर तोफा होत्या, तसे कागदही होते. १४५२ आणि १४५५ साली रोमच्या पोपने पोर्तुगालच्या राजाला आज्ञापत्रे दिली. ख्रिस्ती नसलेल्यांचे प्रदेश जिंकण्याचा आणि तिथल्या लोकांना गुलाम करण्याचा अधिकार त्यांत होता. १४९४ च्या तोर्देसियासच्या तहाने पोर्तुगाल आणि स्पेनने युरोपबाहेरचे जग आपसांत वाटून घेतले. ज्यांचे जग वाटले गेले, त्यांच्यापैकी कोणीही त्या बैठकीत नव्हते.

आपल्याला ही पद्धत ओळखीची वाटायला हवी. आधी ग्रंथात लिहायचे की अमुक माणसांना अधिकारच नाहीत, मग त्यांचे सर्व काही काढून घ्यायचे आणि वर त्याला धर्म म्हणायचे. मनुस्मृती वाचलेल्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

१५०५ च्या सुमारास लोरेन्सो द आल्मेदाची जहाजे वाऱ्याने भरकटून लंकेच्या किनाऱ्याला लागली. ‘राजावलिय’ या सिंहली बखरीत याची एक गमतीदार आठवण आहे. गोरे, लोखंडी अंगरखे घातलेले लोक आले आहेत, ते पांढरे दगड खातात आणि रक्त पितात, अशी वर्दी लोकांनी कोट्टेच्या राजाला दिली. ते दगड म्हणजे पाव आणि ते रक्त म्हणजे मद्य. त्याच वर्दीत त्यांच्या तोफांच्या आवाजाचेही वर्णन आहे. सिंहली लोक त्यांना ‘परंगी’ म्हणू लागले. आपला ‘फिरंगी’ हा शब्द त्याच मुळाचा.

त्यांना हवी होती दालचिनी. त्या काळी उत्तम दालचिनी लंकेच्या नैऋत्य किनाऱ्यावरच्या जंगलात मिळे आणि युरोपात तिला मोठा भाव होता. १५१८ साली पोर्तुगिजांनी कोलंबोला किल्ला बांधला. व्यापाराला आलेल्याला किल्ला कशाला लागतो, हा प्रश्न लोकांना पडला असणारच. समुद्रावर त्यांनी ‘कार्ताझ’ म्हणजे परवाना सुरू केला. आपल्याच समुद्रात जहाज चालवायचे तर फिरंग्याचा कागद हवा, नाहीतर जहाज जप्त!

घरच्या भांडणात बाहेरचा

१५२१ साली कोट्टेचा राजा विजयबाहू मारला गेला आणि त्याच्या तीन मुलांनी राज्य वाटून घेतले. थोरला भुवनेकबाहू कोट्टेत बसला, धाकटा मायादुन्ने सीतावकला. धाकट्याची भीती म्हणून थोरल्याने पोर्तुगिजांचा आधार घेतला. नातू धर्मपाल गादीवर बसावा म्हणून त्याने नातवाची सोन्याची प्रतिमा करून लिस्बनला पाठवली. १५४३ साली तिथल्या राजाने त्या प्रतिमेच्या डोक्यावर मुकुट ठेवला. लंकेचा वारस असा लिस्बनमध्ये ठरला.

१५५१ मध्ये केलनिया येथे भुवनेकबाहू एका पोर्तुगीज सैनिकाच्या गोळीने मेला. तो अपघात होता असे सांगण्यात आले. त्याच वर्षी गोव्याहून आलेल्या व्हाइसरॉयने कोट्टेचा खजिना लुटला. १५५७ मध्ये तरुण धर्मपालचा बाप्तिस्मा झाला आणि तो ‘दों जुआंव’ झाला. त्याने विहारांच्या जमिनी फ्रान्सिस्कन पाद्रींना दिल्या. १५८० मध्ये आपल्या पश्चात राज्यच पोर्तुगालच्या राजाला मिळावे, असे दानपत्र त्याने लिहून दिले.

जमिनीचा मुद्दा नीट समजून घेऊ. विहाराकडे शेतजमीन असे, तिच्या उत्पन्नावर भिक्खूंचे भोजन चाले आणि पिरिवेणा म्हणजे शिक्षणाची केंद्रे चालत. जमीन गेली की भिक्खू गेला, भिक्खू गेला की शाळा गेली, शाळा गेली की पुढच्या पिढीला पाली शिकवणारा उरत नाही. मूर्ती फोडली तर नवी घडवता येते, गुरू-शिष्यांची साखळी तुटली तर ती नुसत्या पैशाने जोडता येत नाही.

गोव्यात जाळलेला दात

या काळातली सर्वांत गाजलेली घटना गोव्यात घडली. १५६० साली व्हाइसरॉय कोन्स्तान्तिनो द ब्रागान्साने जाफन्यावर स्वारी केली. लुटीत एक दात सापडला. तो भगवान बुद्धांचा दंतधातू असल्याचे सांगितले गेले. ही बातमी पेगूला, म्हणजे ब्रह्मदेशात पोहोचली. राजा बायिन्नौंगने तो दात परत मिळावा म्हणून प्रचंड रक्कम देऊ केली. पोर्तुगिजांची तिजोरी रिकामी होती, व्हाइसरॉयला मोह झाला. पण गोव्याचे आर्चबिशप आडवे आले. मूर्तिपूजेसाठी वस्तू विकणे हे पाप, असे त्यांनी ठरवले. १५६१ मध्ये तो दात खलबत्त्यात कुटला, निखाऱ्यावर जाळला आणि राख नदीत टाकली. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते.

सिंहली परंपरा सांगते की जाळला तो दात खरा नव्हताच. धर्मपालच्या धर्मांतराच्या वेळीच खरा दंतधातू कोट्टेतून हलवला होता आणि रत्नपूरजवळच्या देल्गमुव विहारात जात्याच्या दगडात लपवून ठेवला होता. पुढे तोच कँडीला नेला गेला. कोणता दात खरा, हा वाद आपल्याला सोडवायचा नाही. तथागतांनी स्वतःच्या देहापेक्षा धम्माकडे पाहायला सांगितले आहे. पण एका समाजाने जिवापाड जपलेली वस्तू राजधानीत जाहीरपणे कुटून जाळायची, याचा अर्थ त्या समाजाला बरोबर कळतो. महाडच्या तळ्यावर पाणी प्यायल्यावर ते ‘शुद्ध’ करून घेतले गेले, त्याचा अर्थ जसा आपल्याला कळला होता.

हा प्रसंग लिहून ठेवला तो दियोगो दो कोउतो या गोव्यातल्या पोर्तुगीज इतिहासकाराने. आपल्या मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांविषयीही त्याने लिहिले. राजाने आपल्या मुलाला जगाचे दुःख दिसू नये म्हणून कोंडून ठेवले, ही कथा त्याच्या कानावर आली. ती त्याला ओळखीची वाटली, कारण युरोपात संत जोसाफाटची कथा अगदी अशीच सांगत. आज अभ्यासकांना माहीत आहे की जोसाफाट म्हणजे दुसरे कोणी नाही, ‘बोधिसत्त्व’ हाच शब्द अरबी वगैरे भाषांतून फिरत फिरत तिथे पोहोचला आणि त्याचा ख्रिस्ती संत झाला. १५७१ मध्ये व्हेनिसच्या प्रमुखाने पोर्तुगालच्या राजाला याच संत जोसाफाटच्या अस्थी आदरपूर्वक भेट दिल्या. म्हणजे गोव्यात बुद्धांचा दात जाळून दहा वर्षे होतात न होतात, तोच लिस्बनचा राजा नकळत बुद्धकथेतल्याच बोधिसत्त्वाच्या अस्थींपुढे नतमस्तक होत होता!

जात नोंदवणारी कंपनी

१६०२ मध्ये स्थापन झालेली डच ईस्ट इंडिया कंपनी लंकेत आली ती कँडीच्या राजाची मित्र म्हणून. १६३८ मध्ये दुसऱ्या राजसिंहाने पोर्तुगिजांना घालवण्यासाठी त्यांच्याशी करार केला. १६५६ मध्ये कोलंबो पडले, १६५८ मध्ये जाफना. पण जिंकलेले किल्ले डचांनी राजाला परत दिले नाहीत. आले देऊन मिरची घेतली, अशी म्हण सिंहलीत त्यावरूनच रूढ आहे.

आमच्या मते वसाहतवाद समजून घ्यायचा तर तोफांपेक्षा डचांच्या वह्या पाहायला हव्यात. पोर्तुगिजांनी ‘तोम्बो’ नावाची जमीन-महसुलाची नोंदवही सुरू केली होती. डचांनी ती घराघरापर्यंत नेली. चर्चच्या शाळांतही बाप्तिस्मा आणि लग्ने यांच्या वह्या ठेवल्या जात. वारसा आणि सरकारी काम यांसाठी त्या नोंदी लागत. त्यामुळे पुष्कळ लोक कागदावर ख्रिस्ती झाले आणि घरी बौद्ध राहिले. आज लंकेत परेरा, सिल्वा, फर्नांडो, मेंडिस अशी आडनावे बौद्ध कुटुंबांतही दिसतात. त्यांची मुळे याच काळात आहेत.

आणि याच वह्यांत जात पक्की झाली. दालचिनीची साल काढण्याचे काम सलागम जातीकडे होते. ते कोट्टेच्या राजांच्या काळापासूनच राजकार्य, म्हणजे सक्तीची सेवा, म्हणून चालत आले होते. हे आपण लपवू नये. जात फिरंग्यांनी जहाजातून आणली नाही. पण पूर्वी राजाची मागणी मर्यादित होती. कंपनीची भूक जगाच्या बाजाराएवढी होती. ठरलेला कोटा, जंगलात महिनोन्‌महिने काम आणि चोरून दालचिनी विकल्यास मृत्युदंडापर्यंत शिक्षा. आईबाप मुलांची नोंद दुसऱ्या जातीत करून त्यांना या कामातून सोडवू पाहत, तर कंपनी तेही अडवे. जुन्या राजाची सैल गाठ कंपनीने आवळून टाकली. जन्मावरून काम ठरवणारी व्यवस्था नफ्याला सोयीची असते, हे डच व्यापाऱ्याला लगेच कळले.

संघ संपतो कसा, पुन्हा उभा राहतो कसा

किनारा फिरंग्यांकडे आणि डोंगरात कँडीचे बौद्ध राज्य, अशी दीडशे-दोनशे वर्षे गेली. कँडीचा पहिला मोठा राजा विमलधर्मसूर्य. त्याचा बाप्तिस्मा झालेला होता आणि गोव्यातही तो राहिला होता. नंतर तो उलटला. १५९४ मध्ये दंतुरेच्या लढाईत त्याने पोर्तुगीज फौजेचा धुव्वा उडवला. पण राज्य मिळाले तरी संघ नव्हता.

विनयाचा नियम असा की उपसंपदा, म्हणजे पूर्ण भिक्खूदीक्षा, एकट्याने घेता येत नाही आणि एकट्याने देताही येत नाही. मध्यदेशात दहा आणि सीमेवरच्या प्रदेशात किमान पाच उपसंपन्न भिक्खू लागतात. देशात तेवढे उरले नाहीत, तर राजा कितीही श्रद्धाळू असो, एकही नवा भिक्खू होऊ शकत नाही. म्हणून विमलधर्मसूर्याने ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरच्या आराकानहून भिक्खू बोलावले. शंभर वर्षांनी, १६९७ मध्ये, दुसऱ्या विमलधर्मसूर्याला पुन्हा तेच करावे लागले.

याच दुसऱ्या विमलधर्मसूर्याची आणखी एक गोष्ट आपल्या तरुणांनी लक्षात ठेवावी. डच प्रोटेस्टंट होते आणि त्यांनी किनाऱ्यावर कॅथलिक पंथावर बंदी घातली होती. तेव्हा गोव्याच्या बाणावलीत जन्मलेले कॅथलिक पाद्री जोसेफ वाझ १६८७ मध्ये वेष पालटून लंकेत आले. कँडीत त्यांना आधी हेर समजून कैद केले, पण पुढे राजाने त्यांना मोकळेपणी काम करू दिले. १७११ मध्ये कँडीतच त्यांचे निधन झाले. त्याआधी १६२६ च्या सुमारास पोर्तुगिजांनी हाकललेल्या मुसलमानांना राजा सेनारतने पूर्व किनाऱ्यावर वसवले होते. ज्यांचे विहार जाळले गेले, त्याच बौद्धांनी जाळणाऱ्यांच्या धर्मबांधवांना छळाच्या काळात आसरा दिला. वैराने वैर शमत नाही ही शिकवण एखादे राज्य आचरणात आणते तेव्हा ती अशी दिसते.

तरीही अठराव्या शतकाच्या सुरुवातीला उपसंपदेची परंपरा पुन्हा तुटली. ‘गणिन्नान्से’ म्हटले जाणारे लोक विहार सांभाळत. त्यांतले अनेक संसारी होते आणि विहाराची जमीन नात्यागोत्यात वारशाने जाई. याचा सगळा दोष फिरंग्यांवर टाकता येणार नाही. लढाया, दारिद्र्य आणि सरदारांचे हितसंबंधही त्यामागे होते. अशा वेळी वेलिविट सरणंकर या सामणेराने हा गाडा ओढला. पाली शिकवायला गुरू मिळेना, तर तुकड्या-तुकड्यांनी जमेल त्याच्याकडून तो शिकला. त्याने शीलवान तरुणांचा गट बांधला आणि सयामहून, म्हणजे आजच्या थायलंडहून, भिक्खू आणावेत असा आग्रह राजाकडे धरला. पहिले प्रयत्न फसले, एका खेपेला जहाज फुटले. अखेर १७५३ मध्ये उपाली थेरो आणि त्यांचे सहकारी अयुथ्याहून आले आणि कँडीत उपसंपदा सुरू झाली. त्यांना आणणारे जहाज डचांचे होते! दालचिनीसाठी कँडीच्या राजाला खूश ठेवणे कंपनीला फायद्याचे होते, म्हणून चर्चची नाराजी पत्करून तिने जहाज दिले.

दार उघडले आणि लगेच बंद झाले

इथे ही गोष्ट आनंदात संपायला हवी होती. तशी ती संपत नाही.

सुरुवातीला वेगवेगळ्या जातींच्या माणसांना उपसंपदा मिळाली. पण दहा-बारा वर्षांतच राजाच्या संमतीने ती गोविगम या शेतकरी उच्च जातीपुरती मर्यादित झाली. समण गौतमाच्या संघात नद्या समुद्राला मिळाल्यावर आपले नाव सोडतात, हे ज्यांनी पाठ केले होते, त्यांनीच दारावर जात विचारायला सुरुवात केली. न्हावी उपाली ज्या संघात शाक्य राजपुत्रांच्या आधी प्रव्रजित झाले, त्या संघात! आणि ज्या सयामी थेरोंनी ही उपसंपदा आणली, त्यांचेही नाव उपालीच होते.

उत्तर आले ते दालचिनी सोलणाऱ्या सलागमांकडून. कंपनीच्या कामात राबताना त्यांच्यातल्या काही मुखियांच्या हाती पैसा आला होता आणि किनाऱ्यावर कँडीच्या राजाचा हुकूम चालत नव्हता. त्यांनी अंबगहपिटिये ज्ञानविमल या सामणेराला ब्रह्मदेशात पाठवले. १८०० साली अमरपुर या राजधानीत त्यांना उपसंपदा मिळाली. तिथल्या संघाने जात विचारली नाही. १८०३ मध्ये ते परतले आणि बालपिटियच्या नदीत, पाण्यावर सीमा बांधून, नव्या भिक्खूंना उपसंपदा दिली. तोच ‘अमरपुर निकाय’. तोवर डच जाऊन इंग्रज आले होते.

ज्यांना वहीत फक्त साल काढणारे हात म्हणून नोंदवले, त्यांनी विनयाचाच आधार घेऊन संघाचे बंद दार उघडले. कोणाची विनवणी केली नाही आणि धम्मही सोडला नाही. ‘दार बंद करणारे तुम्ही कोण? बुद्धांनी ते बंद केलेले नाही,’ असाच त्यांच्या कृतीचा अर्थ होता. मात्र त्या पंथातही पुढे जातीवरून फाटे फुटले आणि सयाम निकायातली जातीची अट बऱ्याच अंशी आजही टिकून आहे, हेही सांगितले पाहिजे.

आपण यातून काय घ्यायचे?

हा इतिहास तीन प्रकारे चुकीचा वापरता येतो. पहिला म्हणजे तो दाखवून आजच्या ख्रिस्ती बांधवांचा द्वेष करणे. व्हाइसरॉयच्या पापाचा हिशेब वसईच्या किंवा मडगावच्या शेजाऱ्याकडे मागता येत नाही. दुसरा म्हणजे ‘आमच्यावर अन्याय झाला’ ही जखम कायम उघडी ठेवून स्वतः बहुसंख्याक म्हणून दुसऱ्यांवर अन्याय करणे. विसाव्या शतकात लंकेत तमिळांच्या बाबतीत हेच घडले आणि त्याची किंमत साऱ्या देशाने मोजली. तिसरा म्हणजे जातीचे सगळे खापर वसाहतवाद्यांवर फोडून मोकळे होणे. आपल्या देशात आज हा युक्तिवाद जोरात आहे. जात इंग्रजांनी घडवली, असे सांगितले जाते. लंकेचा इतिहास अधिक खरे उत्तर देतो. परक्यांनी जात वापरली, वहीत बांधली, तिच्यातून नफा काढला, पण दारावर जात विचारणारा आपलाच होता.

१९५० साली कँडीत जागतिक बौद्ध परिषद भरली, तेव्हा बाबासाहेब तिथे गेले होते. ज्या देशात धम्म टिकला तिथे तो कसा जगला जातो, हे त्यांना प्रत्यक्ष पाहायचे होते. पुढे सहा वर्षांनी त्यांनी आपल्याला जो धम्म दिला, त्यात प्रवेशाच्या दारावर जात विचारणारा कोणी नव्हता. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्यांनी बाबासाहेबांना दीक्षा दिली, ते भदन्त चंद्रमणी महास्थवीर जन्माने आराकानचे. त्याच आराकानचे, जिथून लंकेने दोनदा भिक्खू आणून आपली तुटलेली परंपरा सांधली होती.

म्हणून आपल्या विहारात येणाऱ्या नव्या माणसाला ‘तुम्ही पूर्वाश्रमीचे कोण?’ असे विचारण्याआधी क्षणभर थांबू या. पोटजातीवरून सोयरिकी जुळवताना, समित्या निवडताना, अमुक वस्तीतला भिक्खू आणि तमुक वस्तीतला भिक्खू असा फरक करताना कँडीतला तो हुकूम आठवू या. फिरंग्यांनी जाळलेले विहार पुन्हा बांधता आले. आपल्याच हातांनी लावलेले दार उघडायला मात्र दालचिनी सोलणाऱ्यांना समुद्र ओलांडावा लागला.

नमो बुद्धाय, जय भीम.